सिव्हिल झालंय, आता मूल्यांकनाकडे वळायचंय: बेळगाव भागात शिकायचं कसं?

निपाणीकर_सिव्हिल

नमस्कार मंडळी. मी निपाणीचा. व्हीटीयूतून सिव्हिल केलं आणि गेली चार वर्षं एका बिल्डरकडे साइटवर आहे, सध्या बेळगावात कणबर्गी बाजूला. साइटचं काम आवडतं, पण मला जमीन आणि घरांच्या मूल्यांकनात जायचंय.

कारण सांगतो. आमच्या आजोबांच्या घराची वाटणी झाली तेव्हा एक व्हॅल्युअर आले होते. पुढच्या सोप्यातच बसून त्यांनी चहा घेतला, चार फोटो काढले आणि गेले. रिपोर्टात जो आकडा आला तो कसा आला, हे घरात कुणालाच सांगता येईना. दोन्ही आत्यांनी काही न बोलता सह्या केल्या. तेव्हापासून हे काम नीट शिकावं असं मनात आहे.

आता शंका. व्हॅल्युअर म्हणून ३४ एबीची (प्राप्तिकर खात्याकडची) नोंदणी घ्यायची की आयबीबीआयची (भारतीय दिवाळखोरी मंडळाची)? ५० तासांच्या कोर्समध्ये खरंच काम येतं का? नेटवर अमेरिकेतल्या आयएएओचे (कर आकारणी करणाऱ्यांच्या संघटनेचे) कोर्स दिसले, त्यांचा इथं उपयोग आहे का? की सरळ नगरपालिकेच्या महसूल विभागात नोकरी बघावी आणि घरपट्टीची आकारणी तिथंच शिकावी? माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय, कन्नड वाचतो पण अडखळत. कृपया जाणकारांनी सांगावं.

शहापूरची_व्हॅल्युअर

निपाणीकर, नेमकं विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मी सिव्हिल इंजिनिअर, राहणार शहापूर. बँकांची आणि प्राप्तिकराची मूल्यांकनं करते, वाटणीचीही करते.

आधी नोंदणीचं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुनी आहे ती संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४ एबीखाली होत आलेली, प्राप्तिकर खात्याकडची. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, तरी ही नोंदणी टिकली, कारण बँकांची पॅनेलं आणि भांडवली नफ्याची प्रकरणं तिच्यावरच चालत आली. तिला पदवीनंतर दहा वर्षांचा अनुभव मागतात. मूल्यांकनातली पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षांचा. तशी पदवी गुजरातेत वल्लभ विद्यानगरच्या सरदार पटेल विद्यापीठात मिळते. दुसरी नोंदणी कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४७ खालची, २०१७ च्या नियमांनी सुरू झालेली, आयबीबीआयच्या देखरेखीखालची. तिला सिव्हिल, आर्किटेक्चर किंवा टाउन प्लॅनिंगची पदवी आणि त्यानंतरची पाच वर्षं पुरतात. म्हणजे तुम्हाला एकच वर्ष कमी पडतंय. मग एखाद्या आरव्हीओचं, म्हणजे नोंदणीकृत व्हॅल्युअरांच्या मान्यताप्राप्त संस्थेचं, सभासद व्हायचं, त्यांचा ५० तासांचा कोर्स करायचा आणि ‘जमीन व इमारत’ वर्गाची संगणकावरची परीक्षा द्यायची. पास व्हायला ६० टक्के लागतात आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापतात. डिप्लोमावाल्यांनी पैसे भरायच्या आधी नियम वाचावेत. या वर्गाला पदवीच लागते.

आता शिकण्याचं. ५० तासांत कायदे होतात, अर्थशास्त्र होतं, तुलनात्मक विक्री, उत्पन्न आणि खर्च या तिन्ही पद्धती होतात. सगळं गरजेचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण बेळगावची गल्ली त्यात नाही. ती इथंच शिकावी लागते.

शहापूर-वडगावची जुनी घरं तुम्ही आतपर्यंत जाऊन बघा. रस्त्याकडं तोंड अठरा फूट, आणि जागा मात्र शंभर-सव्वाशे फूट आत गेलेली. पुढं सोपा, मग माजघर, मग मागाची खोली, शेवटी परडं आणि विहीर. समजा जागा १८ फूट रुंद आणि १३५ फूट खोल आहे, आणि रस्त्यालगतचा दर चौरस फुटाला ३,००० रुपये. क्षेत्रफळ २,४३० चौरस फूट. सरसकट गुणलं की ७२,९०,००० रुपये झाले, रिपोर्ट तयार! पण परड्यातल्या कोपऱ्याला रस्त्यालगतच्या जागेचा दर कोण देणार? म्हणून पट्टे पाडतात. रस्त्यालगतचा ३० फुटांचा पहिला पट्टा पूर्ण दरानं, त्यामागचा दीडपट खोलीचा, म्हणजे ४५ फुटांचा, दोनतृतीयांश दरानं, आणि त्यामागचा दुप्पट खोलीचा, म्हणजे ६० फुटांचा, निम्म्या दरानं. करून बघा: ५४० चौरस फूट ३,००० नं, ८१० चौरस फूट २,००० नं, १,०८० चौरस फूट १,५०० नं. प्रत्येक पट्ट्याचे १६,२०,००० येतात, एकूण ४८,६०,०००. एकाच जागेच्या दोन आकड्यांत २४,३०,००० चा फरक. त्या घरावर कर्ज असेल तर बँक बुडते आणि वाटणी असेल तर घर ठेवून घेणारा भाऊ बुडतो.

आणि हे गणितसुद्धा डोळे मिटून लावायचं नाही. मी टेप लावायच्या आधी परड्याचं मागचं दार उघडायला लावते. मागं बोळ असेल आणि बोळातून रिक्षा जात असेल, तर मागच्या पट्ट्याला स्वतःचं तोंड आहे. तिथं निम्मा दर लावणं हा अन्याय. बोळ महापालिकेचा की शेजाऱ्याच्या मालकीचा, हे तोंडी कुणाचं ऐकू नका. सिटी सर्व्हेचा नकाशा काढा आणि खरेदीपत्रातल्या चतुःसीमेशी ताडून बघा. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदात ‘पश्चिमेस अमक्याचे परडे’ असतं आणि आज तिथं तीन मजले उभे असतात. हे काम सोप्यात बसून होत नाही. तुमच्या आजोबांच्या घरी जे झालं त्याला मी मूल्यांकन म्हणणार नाही.

कन्नडबद्दल स्पष्ट सांगते, अडखळून चालणार नाही. आपल्या भागातले कागद बघा कसे आहेत. शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात. त्यामुळं एकाच घराच्या फाइलीत मोडी असते, बाळबोध मराठी असते, इंग्रजी असतं आणि आताचे सगळे उतारे कन्नडमध्ये. मोडी वाचणारा माणूस शोधता येतो, पण कन्नड तुम्हाला स्वतःलाच यायला पाहिजे, कारण सही तुमची असणार. रोज एक आरटीसी, म्हणजे इथला सातबारासारखा जमिनीचा उतारा, घेऊन वाचा. त्यात खराब जमिनीचा रकाना असतो, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ म्हणजे पिकाला निकामी पण मालकाचीच, ‘ब’ म्हणजे रस्ता, नाला, पाणंद असली सार्वजनिक वापराची. ‘ब’ खराब तीन गुंठे असेल तर ते तीन गुंठे मूल्यात धरायचे नाहीत. एवढा एक रकाना वाचता आला नाही तर रिपोर्टात लाखांची गडबड होते.

बँकेचा रिपोर्ट एक आकडा मागत नाही. बाजारमूल्य, लगेच विकलं तर मिळेल ते, जबरदस्तीनं विकावं लागलं तर मिळेल ते, आणि शेजारी गाईडन्स व्हॅल्यू, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेलं मूल्य. या चार आकड्यांत अंतर का आहे, हे तुम्हाला चार वाक्यांत मांडता आलं पाहिजे. मला एका शाखेतून फोन आला होता की मॅडम, कर्ज बसत नाही, थोडं वाढवून द्या. मी कागद आणि मापं परत पाठवली आणि आकडा तोच ठेवला. पुढं त्या शाखेचं काम आलं नाही. येऊ दे न येऊ दे. आयबीबीआयच्या आचारसंहितेत, कामाच्या यशावर अवलंबून फी घ्यायलाच मनाई आहे, आणि ती मनाई अगदी योग्य आहे.

शेवटी वाटणीचं, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क १९९४ पासून आहे, देशभर तो २००५ साली आला. कागदावर हक्क आहे, पण बहिणीच्या हातात किती पडतं ते आपल्या आकड्यावर ठरतं. घर भावाकडं राहणार आणि बहिणीला रोख मिळणार, अशा वेळी कमी मूल्य लिहून देणं म्हणजे तिच्या ताटातलं काढून घेणं. मी अशा कामात सगळ्या हिस्सेदारांना एकत्र बसवते, बहिणींनाही, आणि मापं, दर, घसारा सगळं मराठीत मोठ्यानं वाचून दाखवते. २४ वर्षांचं आरसीसी घर, आयुष्य ६० वर्षं धरलं, भंगारमूल्य १० टक्के सोडलं, तर घसारा ३६ टक्के येतो. सातवी शिकलेल्या बाईलाही हे समजतं. समजलं की ती प्रश्न विचारते, आणि विचारायलाच पाहिजेत.

निवृत्त_रेव्हिन्यू

मॅडमनी एका मिळकतीचं सांगितलं, मी आकारणीची बाजू सांगतो. जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेत महसूल विभागात माझी नोकरी झाली.

निपाणीकर, घरपट्टीत तुम्ही एका घराची किंमत काढत नाही, हजारो घरांना एकच माप लावता. बंगळूर सोडून राज्यातल्या बाकी शहरांत २००२-०३ पासून स्वयंघोषणेची पद्धत आहे, एसएएस म्हणतात ती. जागेचं क्षेत्र, बांधकामाचा प्रकार, वर्ष, वापर हे मालक स्वतः भरतो. आकारणी भांडवली मूल्यावर होते, आणि त्याचा पाया सब-रजिस्ट्रार ऑफिसची गाईडन्स व्हॅल्यू. बंगळूरनं २००८ पासून युनिट एरिया पद्धत घेतली, ती वेगळी. आणि बेळगावातच कॅम्पात गेलात तर कॅन्टोन्मेंटचा २००६ चा कायदा, तिथं वार्षिक भाडेमूल्यावर कर. रस्त्याच्या या बाजूला एक माप, त्या बाजूला दुसरं. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा नाही.

खरं काम आहे पडताळणीचं. मालकानं लिहिलं ‘राहतं घर’, आत गेलो तर पुढं किराणा, मागं दोन माग. अशा वेळी अख्खं घर व्यापारी लिहून टाकणं सोपं असतं. मी प्रत्येक खोली वेगळी मोजून वापराप्रमाणं लिहीत असे. विणकराच्या घरात रात्री त्याच मागाच्या खोलीत पोरं झोपतात, हे बघितल्याशिवाय लिहू नये असं माझं मत.

खेड्यांकडं गेलात तर ई-स्वत्तूचे, म्हणजे ग्रामपंचायतीच्या संगणकीकृत मिळकत नोंदीचे, उतारे शिका. फॉर्म ९ आणि ११ ए असेल तर मिळकत नियमाप्रमाणं, ११ बी असेल तर पंचायतीत नोंद आहे, पण ती अधिकृत ले-आउटमधली धरता येत नाही. हिंडलगा, कंग्राळी, येळ्ळूर या बाजूला प्लॉट घेताना लोक इथंच फसतात. खरेदीपत्र न करता नुसत्या बाँड पेपरवर घेतलेल्या प्लॉटचं तर बोलायलाच नको.

नोकरीचं म्हणाल तर भरती स्पर्धा परीक्षेनं होते आणि कन्नडच्या सक्तीच्या परीक्षेतून सुटका नाही. नोकरीत लागल्यावर म्हैसूरच्या राज्य नगरविकास संस्थेत प्रशिक्षणं होतात, ती मन लावून करा. पण नुसतं आकारणी शिकण्यासाठी नोकरीत येऊ नका. वसुलीच्या तगाद्यात दिवस जातो.

कॅम्पातला_सध्या_टेक्सासात

आयएएओबद्दल मी सांगतो. मी मूळचा बेळगाव कॅम्पातला, इथं टेक्सासमध्ये एका काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टमध्ये आहे. इथं दरवर्षी १ जानेवारीच्या बाजारमूल्यावर घरांची आकारणी होते. आकारणी करणाऱ्याला टीडीएलआर या राज्याच्या खात्याकडं नाव नोंदवून ठरलेले कोर्स आणि परीक्षा पार कराव्या लागतात, शेवटी आरपीए ही पदवी मिळते. मालकाला आकडा पटला नाही तर तो पुनर्विचार मंडळापुढं जातो आणि आम्हाला पुरावे मांडावे लागतात.

आयएएओ १९३४ पासूनची संस्था. कोर्स १०१ मूल्यांकनाच्या पायाचा, १०२ उत्पन्न पद्धतीचा, ३०० सामूहिक मूल्यांकनाचा. बेळगावात त्याचा परवाना म्हणून उपयोग शून्य. पण ३०० मधला रेशो स्टडी शिकण्यासारखा आहे. सरकारनं ठरवलेलं मूल्य भागिले खरी विक्री किंमत, असं गुणोत्तर प्रत्येक विकल्या गेलेल्या घराचं काढायचं. मधलं गुणोत्तर बघायचं, आणि बाकीची त्याच्यापासून सरासरी किती टक्के लांब पडतात ते बघायचं. राहत्या घरांना हा फरक १५ च्या आत असावा असं त्यांचं मानक सांगतं. आणखी एक गुणोत्तर आहे, ते १.०३ च्या वर गेलं तर समजायचं की महागड्या घरांवर कर हलका आणि साध्या घरांवर जड पडतोय. एखाद्या शहराची घरपट्टी गरिबाला जड जाते की नाही, हे भाषणाऐवजी आकड्यानं दाखवता येतं.

एक अडचण दोन्हीकडं सारखी, खरी विक्री किंमत सहज कळत नाही. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवायची सक्ती नाही.

निपाणीकर_सिव्हिल

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्नडचं मनावर घेतो. मॅडम, दोन गोष्टी राहिल्या. खरेदीपत्रात तर सगळीकडं गाईडन्स व्हॅल्यूच्या आसपासचाच आकडा असतो, मग खरा दर आणायचा कुठून? आणि आमच्याकडं तंबाखूच्या आणि उसाच्या जमिनी जास्त, त्यांचं मूल्यांकन मला करता येईल का?

शहापूरची_व्हॅल्युअर

दुसऱ्याचं आधी. ३४ एबीत शेतजमिनीचा वर्ग वेगळा आहे. तिथं कृषी पदवीधर किंवा महसूल, भूमापन, नोंदणी खात्यांत ठराविक पदांवर काम केलेले लोक येतात, सिव्हिलवाल्याला तो वर्ग नाही. पण निपाणीजवळ हायवेला लागून ज्या जमिनी आहेत त्यांची कामं तुमच्याकडं येणारच, कारण आरटीसीवर शेती आणि भाव प्लॉटचा. तिथं घाई करू नका. कर्नाटक जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली एनए (बिगरशेती) झालंय का? नसेल तर होण्यासारखं आहे का? होण्यासारखं असेल तर रूपांतराचा खर्च, रस्ते आणि मोकळ्या जागेत जाणारं क्षेत्र, विकायला लागणारा काळ हे सगळं वजा करा. ४० गुंठ्यांच्या एकरातून ४० गुंठे प्लॉट कधीच निघत नाहीत. आणि वेदगंगेचं पाणी उचललेली जमीन आणि माळावरची जिरायत, दोन्ही एकाच सर्व्हे नंबरात असल्या तरी एका दरात बसवू नका.

आता दराचं. मी वही ठेवते. व्यवहार झाला की तारीख, गल्ली, रस्त्याची रुंदी, तोंड किती, खोली किती, दस्तातला आकडा, ऐकलेला आकडा आणि तो कुणाकडून ऐकला. विकणारा जास्त सांगतो, घेणारा कमी सांगतो, एजंट दोन्ही सांगतो. तिघांकडून ऐकलेला आकडा जवळजवळ आला तरच त्याच्यापुढं खूण करते. ऐकलेला आकडा पुरावा म्हणून रिपोर्टात जात नाही, तिथं नोंदलेले व्यवहारच जातात. पण कुठला नोंदलेला व्यवहार विश्वासाचा आहे हे वही सांगते. बँकेच्या लिलावाच्या किमती आणि बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) साइटच्या लिलावाच्या किमती तर उघड असतात, त्या सोडू नका. गाईडन्स व्हॅल्यूवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२३ ला राज्यभर ती बदलली तेव्हा बाजारातला भाव त्या एका रात्रीत हलला नव्हता.

जुने दर मात्र गाईडन्सचेच शोधावे लागतात. वडिलांनी १९८० साली घेतलेलं घर आज विकलं तर भांडवली नफ्यासाठी १ एप्रिल २००१ चं मूल्य घेता येतं, आणि २०२० च्या दुरुस्तीपासून ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. म्हणून सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन २००१ च्या तक्त्याची प्रत काढायला शिका. ही कामं भरपूर येतात.

परीक्षेसाठी उत्पन्न पद्धतीची गणितं हातानं करा. खडेबाजारातलं दुकान घ्या. वर्षाचं भाडं, त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, विमा आणि रिकामं राहण्याचा काळ वजा करून निव्वळ २,४०,००० उरले, परताव्याचा दर ८ टक्के धरला, तर १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा पट, ३०,००,०००. मग त्याच दुकानात तीस वर्षांचा जुना भाडेकरू बसवा आणि पुन्हा करा. भाडं नाममात्र असल्यानं मूल्य खाली येईल, पण भाडेकरू उठल्यावर मिळणारी जागाही कुठंतरी मोजायला पाहिजे. ते किती वर्षांनी धरायचं, यावर तुमचं उत्तर लिहून इथंच टाका, मी बघते.